लेकराचं हिमोग्लोबिन ८.४ आणि दोष आईला?

पत्र थोडक्यात : आम्ही मूळचे जालना जिल्ह्यातले. पाच वर्षांपासून दिघ्याला इलठणपाड्यात राहतो. मी ऐरोलीत चार घरची कामं करते. मुलगा वीस महिन्यांचा आहे, वजन ९ किलो २०० ग्रॅम. अंगणवाडीत बोटातून रक्त तपासलं तेव्हा त्याचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं, पण आठ दिवसांत शी काळी झाली, कडक व्हायला लागली, म्हणून सासूबाईंनी ते बंद केलं. मी कामावर असते तेव्हा त्याच सांभाळतात. तो दिवसातून चार बाटल्या दूध पितो, चहात बुडवून बिस्कीट खातो, जेवायला मात्र तोंड फिरवतो. शेजारीण म्हणते बीट आणि डाळिंब द्या, ते रोज परवडत नाही. सहा वर्षांची मुलगी पाटीची पेन्सिल खाते. सासूबाई म्हणतात, ‘तुझ्याच अंगात रक्त नाही, तर पोराच्या कुठून येणार?’ आमच्या गल्लीत बऱ्याच मुलांचं असंच कमी निघालंय. माझं नेमकं काय चुकलं?
— एक आई, दिघा

उत्तर :

ताई, बंद केलेलं औषध पुन्हा सुरू करा. अंगात ताप किंवा जुलाब चालू असतील तर ते थांबेपर्यंत थांबा आणि डॉक्टरांना तसं सांगा, पण त्यापलीकडे उशीर नको. चुकलं कुणाचं, ते नंतर बघू.

आपल्याकडे पाच वर्षांखालच्या मुलाचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली आलं की रक्तक्षय धरतात. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. (जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दोन वर्षांखालच्या बाळांसाठी ११ ऐवजी १०.५ ही रेषा धरली, पण तुमचा मुलगा दोन्ही रेषांच्या खालीच आहे.) ८.४ म्हणजे मध्यम. रक्त चढवण्याची ही वेळ नाही, आणि ‘मोठा झाला की भरून येईल’ म्हणून सोडून देण्याचीही नाही. या वयात मेंदू झपाट्याने वाढत असतो आणि त्याला लोह लागतं. लोह कमी पडलेलं मूल किरकिरं होतं, खेळताना लवकर दमतं, त्याची भूक मरते. जेवणाला तोंड फिरवण्यात लाडाचा भाग कमी आणि या आजाराचा जास्त असू शकतो.

आकडा मात्र एकदा पक्का करून घ्या. बोट दाबून दाबून थेंब काढला की रक्तात अंगातला द्रव मिसळतो आणि हिमोग्लोबिन आहे त्याहून कमी दिसतं. पहिला थेंब पुसून टाकला नाही तरी घोळ होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बोटातून तपासणी झाली. त्यात सहा महिने ते पाच वर्षांची देशातली ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रातली ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त घेतलं होतं. तिथे एक ते चार वर्षांची सुमारे ४१ टक्के निघाली. कुठलाही आकडा धरा, दहा मुलांत चार ते सात. म्हणून नागरी आरोग्य केंद्रात किंवा ऐरोलीच्या महापालिका रुग्णालयात जाऊन शिरेतून रक्त काढून सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची पूर्ण मोजणी, करून घ्या. त्याच खेपेला दंडाचा घेर मोजायला सांगा. मुलाचं वजन वयाच्या मानाने कमी आहे, आणि घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत आला तर तो तीव्र कुपोषणात मोडतो. तेव्हा उपचारांचा क्रम बदलतो, लोह लगेच सुरू करत नाहीत; तसं निघालं तर औषधाचं काय करायचं ते तिथल्या डॉक्टरांना विचारा.

आता औषधाचं. लोहाने शी काळी होणारच. जे लोह आतड्यात शोषलं गेलं नाही ते बाहेर पडतं, त्याचा तो रंग. हे कुणी आधी सांगत नाही आणि घरोघरी औषध आठवड्यात बंद पडतं. सासूबाईंनी केलं ते काळजीपोटीच केलं. त्यांना एवढंच सांगा : काळी शी चालेल, लाल रक्त दिसलं तर दवाखान्यात.

उपचाराचा डोस वजनावर ठरतो, दर किलोला रोज ३ मिलिग्रॅम लोह. तुमच्या मुलाला साधारण २८ मिलिग्रॅम. सरकारी सिरपच्या १ मिलीत २० मिलिग्रॅम लोह असतं, म्हणून एक ते तीन वर्षांच्या मुलाला उपचारासाठी रोज दीड मिली सांगतात. मेडिकलमधून घेतलेल्या बाटलीवर मात्र लेबल वाचल्याशिवाय भरवसा ठेवू नका. काहींवर माप १ मिलीचं असतं, काहींवर ५ मिलीचं. त्यावर ‘एलिमेंटल आयर्न’, म्हणजे प्रत्यक्ष लोह, किती मिलिग्रॅम लिहिलंय ते औषधवाल्याकडून वाचून घ्या आणि किती मिली द्यायचं ते डॉक्टरांकडून बाटलीवरच पेनने लिहून घ्या. घरातला चमचा वापरू नका, प्रत्येक चमच्यात वेगळं मावतं. सुई नसलेली सिरिंज सगळ्यात सोपी.

इथे एक गफलत हमखास होते. आशाताई देतात ते सिरप, आठवड्यातून दोनदा १ मिली, हे रक्तक्षय होऊ नये म्हणून असतं. त्यातून आठवड्याला ४० मिलिग्रॅम लोह मिळतं. तुमच्या मुलाला उपचारासाठी आठवड्याला जवळजवळ २०० लागतात. बाटली तीच असली तरी काम वेगळं. ‘आम्ही सिरप देतोय तरी रक्त वाढत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच निघतं.

औषध दूध किंवा चहाबरोबर देऊ नका, दोहोंत तासाभराचं तरी अंतर हवं. सकाळी उठल्यावर, किंवा दोन जेवणांच्या मधे. सिरिंज गालाच्या आत मागच्या बाजूला धरून हळूहळू सोडा, म्हणजे दातांवर काळे डाग पडत नाहीत; वर दोन चमचे पाणी, त्यात लिंबू पिळलेलं असेल तर उत्तमच. शी कडक होत असेल किंवा उलटी होत असेल तर तोच डोस सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा करा. तरीही त्रास झाला तर जेवणानंतर द्या. थोडं कमी शोषलं जाईल, पण बंद पडण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आणि बाटली उंचावर ठेवा, मोठ्या मुलीचाही हात पोचणार नाही अशी. सरकारी सिरपच्या ५० मिलीच्या भरल्या बाटलीत १००० मिलिग्रॅम लोह असतं. गोड लागतं म्हणून नऊ किलोच्या पोराने ती संपवली तर किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर जातं, आणि ६० च्या पुढे ते जिवावर बेतू शकतं. तसं झालंच तर उलटीची वाट न बघता बाटलीसकट थेट रुग्णालयात.

नियमित दिलं तर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान १ ने वाढायला हवं, म्हणजे ९.४ किंवा वर. महिन्याने पुन्हा तपासा. नेमून दिलेले महिने पुरे करा. ११ गाठलं म्हणून स्वतःच्या मनाने थांबू नका, अंगातला लोहाचा साठा त्यानंतरही भरत असतो. कधी थांबायचं ते डॉक्टर सांगतील. त्यानंतर आठवड्यातून दोनदा १ मिली, पाच वर्षांचा होईपर्यंत.

महिना नीट दिलं आणि तरी १ ने वाढलं नाही, तर डोस वाढवत बसू नका. थॅलेसेमियाचा वाहक, सिकलसेल (हे दोन्ही आईवडिलांकडून येणारे रक्ताचे दोष), बी-१२ ची कमतरता, मलेरिया, क्षयरोग अशी कारणं शोधावी लागतात. सीबीसीतल्या एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकाराच्या आकड्यावरून डॉक्टरांना दिशा मिळते : पेशी लहान असतील तर लोह किंवा थॅलेसेमिया, मोठ्या असतील तर बी-१२. आपल्या ठाणे जिल्ह्यात हे विसरून चालत नाही. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात, आणि ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल. तुमच्या घरात तसं काही नसलं तरी गल्लीतल्या एखाद्या मुलाबाबत हे लागू पडेल. अशा मुलाला वर्षानुवर्षं लोह पाजत राहणं चुकीचं.

दुधाचा विषय आला की आयांना पटवणं अवघड जातं, कारण दूध म्हणजे ताकद असंच आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण लोहाच्या बाबतीत दूध अगदी कंगाल आहे. लिटरभर दुधात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा जेमतेम, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ८ मिलिग्रॅमची गरज. शिवाय दुधातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोह अडवतं, पोट भरल्यामुळे भूक लागत नाही आणि जास्त दुधाने शीही कडक होते. त्याचं खापर मग औषधावर फुटतं. दिवसाला दोन कप, म्हणजे ४०० मिलीपर्यंत दूध ठेवा, तेही बाटलीऐवजी वाटीने किंवा कपाने आणि जेवणानंतर. बाटली एकदम हिसकावू नका. आधी दुपारची बंद करा, चार-पाच दिवसांनी सकाळची. दूध अंगावर पाजत असाल तर ते चालू ठेवा, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही.

चहा मात्र पूर्ण बंद. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातलं निम्म्याहून अधिक लोह शोषू देत नाही. वीस महिन्यांच्या पोराला चहाची गरजच नाही. अकरा वाजता सासूबाईंच्या हाताशी दुसरं काहीतरी असलं पाहिजे, नाहीतर बिस्कीट येणारच. घरात सांभाळणारं माणूस एकटं आणि थकलेलं असतं. कामाला निघण्याआधी डबा भरून ठेवा : राजगिऱ्याचा लाडू चुरून, किंवा शेंगदाण्याचं कूट-गूळ, किंवा मऊ केलेली बाजरीची भाकरी वरणात कुस्करून. शेंगदाणे अख्खे देऊ नका, घशात अडकतात.

बीट आणि डाळिंब परवडत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. रंग लाल असला तरी १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी. तेवढ्या पैशांत दिघ्याच्या बाजारात याहून कितीतरी कामाचं मिळतं. तुम्ही मांसाहार करत असाल तर कोंबडीची कलेजी सगळ्यात स्वस्त आणि सरस. १०० ग्रॅममध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम लोह, आणि ते अंगी लागणारं. नीट शिजवून, कुस्करून, आठवड्यातून एकदा दोन-तीन चमचे पुरेत. त्यात अ जीवनसत्त्व फार असतं म्हणून लहान मुलाला रोज नको. सुका जवळा निवडून, धुऊन, भाजून त्याची पूड करून ठेवली तर रोज वरणभातात अर्धा चमचा घालता येते. मासे-मटणाचा छोटा घासही बरोबरच्या डाळ-भाकरीतलं लोह शोषायला मदत करतो.

शाकाहारी ताटात मटकी, मूग मोड आणून, बाजरी, चवळी, हिरवी पालेभाजी. मोड आणले, पीठ आंबवलं की लोहाला धरून ठेवणारा घटक कमी होतो. आणि प्रत्येक जेवणात आंबट : लिंबू, पेरू, टोमॅटो, आवळा. लिंबू भांडं खाली उतरवल्यावर पिळा, उकळत्या आमटीत त्यातलं क जीवनसत्त्व उडून जातं. लोखंडी कढईत टोमॅटो किंवा चिंच घालून आमटी केली तर थोडं लोह उतरतं. झाली की दुसऱ्या भांड्यात काढा. गुळावर फार भिस्त नको, चमचाभर गुळात पाव मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं.

अन्न काय, याइतकंच ते किती दाट, हे महत्त्वाचं. पेज आणि वरणाचं पाणी पाजलं की पोट पाण्याने भरतं. चमचा तिरका केल्यावर घास ओघळून न जाता चमच्यालाच धरून राहिला पाहिजे, इतकं दाट. वर चमचाभर तेल किंवा तूप. या वयाला दिवसातून तीन-चार वेळा पाऊण ते एक वाटी, आणि मधे एक-दोनदा खाऊ.

सासूबाईंच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे. आईला रक्तक्षय असेल तर बाळ लोहाचा साठा कमी घेऊन जन्मतं. हा साठा साधारण पहिल्या सहा महिन्यांचा असतो, आणि वजन कमी असलेल्या बाळाचा त्याआधीच संपतो. पण आईच्या अंगात रक्त का नाही, हे विचारायला हवं. घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणारी, उरलंसुरलं खाणारी, चार घरची कामं करून जेवणावर चहा पिणारी बाई रक्त आणणार कुठून? यात तुमचा गुन्हा नाही. मुलाबरोबर तुमचीही तपासणी करून घ्या. १२ च्या खाली असेल तर तुम्हालाही गोळ्या लागतील आणि त्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. पुढचं मूल हवं असेल तर मधे दोन वर्षांचं तरी अंतर ठेवा, गरोदरपणी लाल गोळी रोज १८० दिवस, आणि बाळंतपणाच्या वेळी नाळ घाईने न कापता निदान एक मिनिट थांबायला सांगा. त्या मिनिटात वारेतलं बरंच रक्त बाळाकडे जातं.

मुलीला पाटीची पेन्सिल खाते म्हणून मारू नका. माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटणं हे लोह कमी असल्याचं नेहमीचं लक्षण आहे. लोह भरलं की बहुतेकांची ती ओढ आपोआप जाते. तिचंही रक्त तपासा. सगळं ठीक निघालं तरी पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एक गुलाबी गोळी शाळेत मिळायला हवी, त्यात ४५ मिलिग्रॅम लोह असतं. बाईंना विचारा, ती मिळते का आणि पोर खरंच गिळते का.

आता गल्लीचं, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. बऱ्याच घरांतल्या मुलांचं रक्त एकसारखं कमी निघतं, तेव्हा एकेका आईची चूक शोधून काही हाती लागत नाही. वय, आईचं रक्त, जन्माचं वजन, घरची मिळकत ही एका मुलाची कारणं. त्यांच्यावर वस्तीची कारणं बसलेली असतात : पाणी, संडास, दवाखाना किती लांब, आसपास मलेरिया आहे का, सगळ्यांच्याच खिशात किती पैसा. आफ्रिकेतल्या गरीब देशांतल्या पाहण्यांतही हेच दिसतं. तिथे मलेरियाचा वाटा फार मोठा असतो.

सार्वजनिक संडासात लहान पोरांना बसवायला आया घाबरतात, म्हणून पोरं गटाराच्या कडेला बसतात. तिथल्या ओल्या मातीतून हूकवर्म म्हणजे अंकुशकृमी अनवाणी पायातून अंगात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. दुसरं नुकसान डोळ्याला दिसत नाही. ताप, जुलाब, जंतुसंसर्ग चालू असला की शरीर लोह आत घ्यायचं दारच बंद करतं, जंतूंना ते मिळू नये म्हणून. महिन्यातून दोनदा हगवण लागणाऱ्या मुलाला कितीही चांगलं खाऊ घाला, ते अंगी लागत नाही. म्हणून पोराला घरात भांड्यावर बसवा आणि ते संडासात ओता, पायात चप्पल, भरवण्याआधी साबणाने हात (सासूबाईंचेही), प्यायचं पाणी उकळून आणि काढायला दांड्याचं ओगराळं. जुलाब झाले तर ओआरएसबरोबर झिंकची गोळी पूर्ण १४ दिवस. जंताची गोळी वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत देतात. दोन वर्षांखाली अर्धी, कुस्करून पाण्यातून. एका घरातल्या पोराने घेतली आणि शेजारच्या पाचांनी नाही, तर फार उपयोग होत नाही.

रेशनकार्ड गावाकडचं असलं तरी आधार जोडलेलं असेल तर इथल्या दुकानात धान्य मिळतं, त्यासाठी गावाला जायची गरज नाही. तांदळात शंभरात एखादा दाणा किंचित वेगळ्या रंगाचा दिसला तर तो प्लास्टिकचा म्हणून निवडून टाकू नका. तो तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून केलेला दाणा असतो. अशा किलोभर तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असतं. भात जास्त पाण्यात शिजवून वेळून टाकण्याऐवजी पाणी आटवून शिजवा.

मुलाचं नाव इथल्या अंगणवाडीत आहे का, हे आधी बघा. गावाहून आलेल्या घरांची नावं पुष्कळदा गावातच राहून जातात. तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायचा कोरडा आहार मिळतो. तो सगळ्या घरात वाटला जातो, म्हणून त्याचा डबा वेगळा ठेवा. अंगणवाडीची वेळ आणि तुमच्या कामाची वेळ एकच, ही अडचण गल्लीतल्या सगळ्याच बायांची असणार. आठ-दहा जणी मिळून सेविका आणि आशाताईंशी बोला : सिरपची बाटली घरी द्या आणि सांभाळणाऱ्या आजीला डोस दाखवा, आरोग्य केंद्राची तपासणी सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी वस्तीत ठेवा, बालकांची तपासणी करणारं पथक अंगणवाडीत कधी येणार ते आधी कळवा. लहान मुलांना बसता येईल असे बुटके संडास मागायला नगरसेवक किंवा प्रभाग कार्यालयाकडे अर्ज द्या, सगळ्यांच्या सह्यांनी.

यातलं काहीही चालू असताना मुलाचे तळवे पांढरेफटक पडले, श्वास जोरजोरात चालू लागला, पायांवर सूज आली, किंवा तो उठवूनही मलूल पडून राहिला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. ऐरोलीचं किंवा कळव्याचं महापालिका रुग्णालय, जे आधी गाठता येईल तिथे, रात्र असली तरी.